बदलापूरची वस्ती एवढी झपाट्याने का वाढली? मुंबईतलेच लोक तिकडे गेले का?

हो, बऱ्याच अंशी मुंबई-ठाण्यातलेच. कारण सरळ आहे, घराची किंमत. जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 98 हजार होती, 2011 मध्ये 1 लाख 74 हजार झाली. त्याच दहा वर्षांत कुलाबा ते माहीम-सायन या मूळ मुंबई शहराची लोकसंख्या 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर घसरली. चाळीतली खोली भावंडांना अपुरी पडली की एकजण डोंबिवलीला जायचा. डोंबिवली महागली तशी तीच रांग अंबरनाथ-बदलापूरकडे सरकली. मध्य रेल्वेची लोकल थेट असल्याने नोकरी मात्र मुंबईतच राहते. (सकाळच्या गाडीत चढून पाहा, आकडे लागणार नाहीत.)

मात्र सगळी वाढ मुंबईकरांचीच नाही. राज्याच्या इतर भागांतून आणि परप्रांतांतून थेट येणारेही आहेत. शिवाय हे आकडे 2011 चे, नंतरचे सगळे अंदाज. घर बघत असाल तर भावाआधी उल्हास नदीची पूररेषा बघा. 2005 आणि 2019 च्या जुलैत तिथे पाणी शिरलं होतं.