वाचकांचे प्रश्न : बो कुठे संपतो?

प्रश्न : मी तंतुवाद्यवृंदासाठी एक संथ रचना संगणकावर लिहिली. संगणकावर ती अगदी हवी तशी वाजते. पहिल्या तालमीत मात्र मुख्य धून धापा टाकत आल्यासारखी वाटली. मी आठ बारवर (बार म्हणजे मात्रांचा एक गट) मिळून एकच कमान, म्हणजे स्वरांवरची वक्र रेघ, काढली होती, तर व्हायोलिनवाल्यांनी "या कमानीचं काय करायचं?" असं विचारलं. चुकलं कुठे?

उत्तर : तुम्ही पाठवलेलं पान समोर ठेवूनच लिहितो आहे. धून सुंदर आहे, तिला हात लावू नका. कमान तेवढी बदला.

पियानोसाठी लिहिणारे कमान काढतात ती वाक्य दाखवायला. तंतुवादकाला मात्र कमान दिसली की त्याचा हात तयार होतो, कारण त्याच्या लेखी तिचा अर्थ असा, की एवढे स्वर बो, म्हणजे तारांवर ओढायचा गज, न उलटता एकाच ओढीत वाजवायचे. तुमची लय मिनिटाला ६० मात्रांची आणि प्रत्येक बार ४ मात्रांचा. म्हणजे आठ बारला ३२ सेकंद झाले, आणि वर तुम्ही फोर्टे, म्हणजे मोठ्या आवाजात, असं लिहिलं आहे. मोठा आवाज काढायचा तर बो-ला वेगही लागतो आणि वजनही. तीन-चार सेकंदांत हात शेंड्यापाशी पोचतो. अगदी हळुवार आवाजात तोच बो दहा सेकंदसुद्धा पुरवता येतो, पण ३२ सेकंद फोर्टे कुणाच्याच हातून निघणार नाही. संगणकातल्या बो-ला शेंडाच नसतो, म्हणून तुम्हाला हे घरी ऐकू आलं नाही.

मी तीस वर्षं व्हायोलाच्या (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) रांगेत बसलो. नव्या संगीतकारांना मी एकच गोष्ट करायला सांगतो. पाऊण मीटर लांबीची एखादी काठी घ्या, बो साधारण तेवढाच असतो. धून गात गात ती काठी डाव्या दंडावर ओढा, खाली आणि वर. हात कुठे संपतो, कुठे ताकद आपोआप येते, ते लगेच कळतं. मुठीकडून, म्हणजे हातात धरलेल्या टोकाकडून, शेंड्याकडे सुटणारा डाऊन-बो जड पडतो, म्हणून ठाशीव सुरुवात त्याच्याकडे द्यावी. अप-बो शेंड्याकडून मुठीकडे येतो, तसतसं हाताचं वजन तारेवर वाढत जातं, म्हणून चढत जाणारा आवाज त्याच्यावर सहज फुलतो. तुमच्या पाचव्या बारमधला चढ अप-बोवर आला तर वादकांना काही सांगावंच लागणार नाही. पहिल्या चार बारांत प्रत्येक बारला एक कमान द्या, आणि जिथे धून उंच जाते तिथे दोन-दोन मात्रांची. वाक्य तुटेल अशी भीती वाटते ना? चांगला वादक बो उलटतो तेव्हा सांधा जवळजवळ ऐकूच येत नाही.

खालच्या चेलोंचा लांब धरलेला सूर मात्र तसाच राहू द्या. तिथे 'बो प्रत्येकाने आपापल्या जागी बदलावा' एवढं लिहा. एकाच स्टँडवरचे दोघे वेगवेगळ्या क्षणी उलटतात आणि सूर अखंड राहतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पानावर दिसते आहे. शेवटून तिसऱ्या बारमध्ये बोने वाजणारा स्वर संपतो आणि लगेच, मध्ये श्वासभरही जागा न ठेवता, पिझिकाटो (बोऐवजी बोटाने तार छेडणं) सुरू होतो. एका नव्या रचनेत आमच्यापुढे नेमकं हेच आलं होतं. रांगेतल्या प्रत्येकाने, कुणाला न विचारता, बोचा शेवटचा स्वर गाळला आणि छेडायला बोट तयार ठेवलं. एकत्र वाजायचा अख्खा स्वरसमूहच पोकळ झाला. संगीतकाराला वाटलं आम्ही हलगर्जीपणा केला. तो स्वर अप-बोवर संपवा, म्हणजे हात मुठीकडच्या टोकाशी, तारांजवळच असेल, आणि अर्ध्या मात्रेची विश्रांती द्या. पिझिकाटोवरून बोवर परतताना बोवरची पकड पुन्हा जमवावी लागते, तिथे शक्य तर त्याहून जास्त वेळ द्या. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात तंतुवाद्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिझिकाटोच वाजवतात. तिथे बो मांडीवर ठेवून बसता येतं, म्हणून बोटं इतकी मोकळी धावतात.

प्रश्न : दुसऱ्या व्हायोलिनना मधला सी (पियानोच्या साधारण मध्यावरचा स्वर) आणि त्याखालचा ए असे दोन स्वर एकत्र दिले. दोन्ही व्हायोलिनच्या टप्प्यात आहेत, तरी वादक म्हणतात, हे अशक्य आहे.

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. व्हायोलिनच्या तारा खालून जी, डी, ए, ई. मधल्या सीच्या लगेच वर असलेल्या डीपासून दुसरी तार सुरू होते, म्हणून त्या डीच्या खालचं सगळं एकट्या जी तारेवर. एका तारेवर एका वेळी एकच स्वर. रांग विभागून निम्म्यांना वरचा आणि निम्म्यांना खालचा स्वर द्या. नाहीतर ही जोडी व्हायोलांकडे सोपवा. त्यांची सर्वांत खालची तार सी असते, त्यामुळे तिच्यावर ए आणि शेजारच्या जी तारेवर सी, असं तिसऱ्या पोझिशनमध्ये (डावा हात तारेवर थोडा वर सरकवून) आरामात बसतं. आवाजही तिथे अधिक उबदार लागेल. हे मी केवळ व्हायोलावरच्या प्रेमापोटी म्हणत नाही, वाजवून बघा.

विभागताना एक सांभाळा : एका ओळीवर दोनच वादक उरू देऊ नका. दोघांच्या सुरांतला केसाएवढा फरकही कानाला टोचतो. तिसरा आला की तो बराचसा मिसळून जातो. तुमच्याकडे दुसरी व्हायोलिनं चारच आहेत असं लिहिलं आहे, म्हणजे विभागणीचा मार्ग बंद. व्हायोलांकडेच द्या.

प्रश्न : अप-बो, डाऊन-बोच्या खुणा प्रत्येक स्वरावर करू का?

उत्तर : नको. कमानी नेमक्या लिहा. बाकीचं पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख वादक रांगेबरोबर ठरवतो. एखादा ठसका किंवा ठरावीक उठाव हवाच असेल, तिथे मात्र खूण जरूर करा.