टोकन ‘करतात’ की ‘पाडतात’?

प्रश्न सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचा. तिला कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर, मराठीत बोलायचंय. त्यातला लेक्सिकल स्कॅनर प्रोग्रामच्या मजकुरातून टोकन, म्हणजे अर्थाचे सुटे तुकडे, वेगळे काढतो, त्याला ‘चिन्हांकन’ म्हणावं की ‘संधिविग्रह’?

मला दोन्ही पटत नाहीत. चिन्हांकन म्हणजे खूण करणं, इथे तर तुकडे पडतात. संधिविग्रह जवळचा वाटतो खरा, पण ‘विद्यालय’ सोडवताना ‘विद्या’ आणि ‘आलय’ असा संधीत विरलेला ‘आ’ परत आणावा लागतो. स्कॅनर काहीच परत आणत नाही. आहे त्या ओळीवर सुरी चालवतो, बस्स.

मी ‘पदच्छेद’ म्हणेन. शब्द नव्हे, पद. मार्केट यार्डातला हळदीचा हिशेब घ्या:

रक्कम = वजन * दर + ५०;

यात शब्द तीनच आहेत, टोकन मात्र आठ. बरोबरचं चिन्ह, गुणिले, अधिक, पन्नास, एवढंच काय, शेवटचा अर्धविरामही धरायचा. मधल्या मोकळ्या जागा स्कॅनर गिळून टाकतो. शिवाय प्रत्येक तुकड्याची जात सांगतो: हे नाव, ही संख्या, हे क्रियाचिन्ह. पाणिनीच्या ‘सुप्तिङन्तं पदम्’ या सूत्रातलं पद म्हणजे प्रत्यय लागून वाक्यात वापरायला तयार झालेलं रूप. आणि मराठीत पद म्हणजे हुद्दाही! ‘शब्द’ला हे दोन्ही जमत नाही. या पदांचं एकमेकांशी नातं काय, हे पुढे पार्सर हा कंपायलरचा पुढचा भाग बघतो. ‘विग्रह’ हवाच असेल तर समासविग्रहाच्या चालीवर तिथे वापरा.

खरी गंमत कुठे कापायचं यात आहे. मोडी वाचणाऱ्याला हे रोजचंच. साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळातला कागद उघडा, शब्दांमध्ये जागाच नसते, ओळ सलग धावते. समजा, ‘तीनदीपाशीथांबली’ असं लिहिलंय. माणूस ‘तीन’पर्यंत जातो, ‘दीपाशी’ला अडखळतो, मागे येतो आणि ‘ती नदीपाशी थांबली’ असं लावतो. सी भाषेचा स्कॅनर मागे येत नाही. जुळेल तेवढा लांबात लांब तुकडा घ्यायचा, हा त्याचा नियम. सीमध्ये ++ म्हणजे ‘किंमत एकाने वाढव’ असं एकच चिन्ह, म्हणून अ+++ब चे अ, ++, +, ब असे चार टोकन पडतात. पण अ+++++ब लिहिलंत तर तो अ, ++, ++, +, ब असं कापतो आणि कंपायलर चूक दाखवतो. मध्ये जागा सोडून अ++ + ++ब लिहिलं असतं, तर चाललं असतं. स्कॅनर ‘तीन’ घेऊन बसला, दुसरं काय!

फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत तर मोडीसारखीच गत, मोकळ्या जागेला किंमतच नव्हती. ‘डू१०आय=१,१०’ ही आवर्तनाची, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करण्याची, सुरुवात, आणि स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं की ‘डू१०आय’ नावाच्या चलात १.१० ही किंमत. पुढचं चिन्ह दिसेपर्यंत ‘डू’ वेगळा काढायचा की नाही, हेच ठरत नाही.

असा स्कॅनर हाताने लिहायचा कंटाळा आला म्हणून १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी ‘लेक्स’ केलं. श्मिट म्हणजे पुढे गूगलचे प्रमुख झाले तेच. नमुने द्या, स्कॅनर ते तयार करून देतं.

आता क्रियापद. ‘टोकन करणे’ मी टाळतो, त्याला घरचंच कारण आहे. जूनमध्ये गावी फोनवर कुणाला तरी ‘आधी टोकन करून घे’ म्हणालो, तर सोप्यात बसलेल्या आत्यानं विचारलं, “कसलं रं टोकण? सोयाबीनचं व्हय? वाफसा तरी आलाय का?” आमच्याकडे टोकण म्हणजे ठरावीक अंतरावर एकेक बी मातीत खोचणं. इंग्रजीतून आलेल्या ‘टोकन’शी त्याचं काही नातं नाही, पण कानाला फरक कळत नाही. तेव्हा लिहिताना ‘न’ नीट काढा आणि बोलताना ‘टोकन पाडणे’ म्हणा. तुकडे पाडतात, नाणी पाडतात, वड्या पाडतात, तसेच टोकन. वड्या सारख्या मापाच्या पडतात, टोकन तसे पडत नाहीत, एवढाच फरक.

मथळ्याला ‘पदच्छेद’ ठेवा, पण बोलताना पहिल्याच वाक्यात ‘म्हणजे टोकन पाडणं’ हे सांगून टाका. नाहीतर मागच्या बाकावरचे संस्कृतचा तास समजून बाहेर जातील.