मक्याची खालची पानं पिवळी पडलीत, आता युरिया टाकू का?

प्रश्न: नमस्कार सर, कन्नड तालुक्यात माझा एक एकर मका आहे, जमीन हलकी, मुरमाड. पेरताना डीएपीची एक गोणी दिली आणि 20व्या दिवशी युरियाच्या दोन्ही गोण्या एकदमच टाकल्या, मजूर मिळत नव्हते म्हणून. त्यानंतर आठ दिवस धो धो पाऊस. आता पीक 42 दिवसांचं आहे आणि खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी होत चाललीत. शेजारचे म्हणतात आता युरिया टाकला तर नुसता पालाच वाढेल. खरं का?

उत्तर: दादा, टाका, आणि या आठवड्यातच टाका. तुमचा डोस कमी नव्हता, डीएपीतून 9 किलो आणि युरियाच्या दोन गोण्यांतून 41 किलो, म्हणजे एकरी 50 किलो नत्र (नायट्रोजन) झालं, शिफारस 48 ची आहे. चुकली ती वेळ. 20 दिवसांचा मका अगदी थोडं नत्र उचलतो, त्याची खरी भूक महिन्यानंतर सुरू होते ती तुरा येईपर्यंत, आणि तुमच्या हलक्या रानातून तोवर पावसाने बरंच नत्र मुळांच्या खाली नेलं. आता झाड जुन्या पानातलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देतंय, म्हणून पिवळं खालून दिसतंय.

शेजाऱ्यांचं म्हणणं दाणे भरत आल्यावर खरं ठरतं, आज नाही. कणसावर दाण्याच्या ओळी किती ते एव्हाना जवळपास ठरलंय पण एका ओळीत दाणे किती, शेंडा रिकामा राहणार की भरणार, दाण्याला वजन किती येणार हे सगळं अजून पुढेच आहे. दहा क्विंटल दाण्यामागे झाड साधारण 20 ते 25 किलो नत्र उचलतं, त्यामुळे हात आखडला तर कणसातच दिसेल.

वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन रानात बेताची ओल राहिली, की युरियाची एक गोणी ओळीच्या कडेने द्या आणि मातीआड करा, उघड्या राहिलेल्या युरियातलं नत्र हवेत उडून जातं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, पडू देऊ नका, पानं करपतात. पाणी साचलं असेल तर आधी चर काढा, तुंबलेल्या रानात दिलेलं नत्र वायाच जातं.

पुढच्या वर्षी मजुरांचं कसंही जमवा पण युरिया 30 आणि 45 दिवसांना विभागूनच द्या. आणि हो, पिवळी पडलेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती बघून घाबरून आणखी एक गोणी टाकू नका, आठवडाभराने वरची नवी पानं बघा.