कमी पैशात घरासाठी रिव्हॉल्व्हर? खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात शस्त्र परवान्यावर दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. सगळ्यांचा सूर एकच, वकील साहेब, बजेट कमी आहे, घराला धोका आहे, कोणतं हत्यार घेऊ. नावं देत नाही, गावं देतो. मी लायसन्सची कामं बघतो, हत्यार विकत नाही, त्यामुळे कोणाचा माल खपवायचा नाहीये मला.

प्रश्न: रावेर तालुक्यात मळ्यात राहतो, केळीचा बाग आहे, जवळ दुसरं घर नाही. दोनदा मोटार आणि केबल चोरीला गेली. दीड लाखाच्या आत कोणतं रिव्हॉल्व्हर चांगलं?

दादा, आधी लायसन्स, मग मॉडेल. लोक उलटं करतात, व्हिडिओ बघून मॉडेल ठरवतात आणि मग कलेक्टर ऑफिसला चकरा मारत बसतात. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात, अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पोलीस स्टेशनकडून चौकशी होऊन एसपी ऑफिसमार्गे अहवाल जातो. रिव्हॉल्व्हर-पिस्तूलसाठी "जिवाला धोका आहे" हे कागदावर दिसलं पाहिजे, म्हणजे एफआयआरची कॉपी, तक्रारींच्या पोच, काही धमकी आली असेल तर ती. मोटारचोरीच्या दोन तक्रारींवर रिव्हॉल्व्हर मिळेल असं मी तरी छातीठोक सांगणार नाही.

पण तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ बघा, त्यात रक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, आणि पीक राखायला ठासणीची बंदूक, यासाठी परवाना "दिला जाईल" अशी भाषा आहे. चौकशी यातही होते, नकारही येऊ शकतो, पण रिव्हॉल्व्हरच्या मानाने बाजू बरीच मजबूत. खर्चही कमी, साधी एकनळी बारा बोअर नव्या रिव्हॉल्व्हरच्या निम्म्याहून कमी पैशात येते. आणि मळ्यात रात्री अंधारात, झोपेतून उठून, हात थरथरत असताना छोट्या रिव्हॉल्व्हरने दहा पावलांवर काही लागत नाही हो, हे कोणी सांगत नाही. लांब बंदूक खांद्याला लावता येते, आवाजानेच निम्मं काम होतं.

तरीही रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर सरकारी कानपूर फॅक्टरीचं .३२ (हे गोळीचं माप) हे स्वस्तातलं. सहा गोळ्या, जुनं डिझाइन, दिसायला काही खास नाही पण सुटे भाग मिळतात, बहुतेक गनस्मिथला, म्हणजे हत्यार दुरुस्त करणाऱ्याला, ते उघडता येतं. तरी कर धरून लाखाच्या वर जातंच, कारण सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तूलवर जीएसटी २८ वरून थेट ४० टक्के झालाय. म्हणजे ऐंशी हजाराच्या वस्तूवर बत्तीस हजार नुसता कर. प्रबल, वेबली वगैरे नवी मॉडेलं चांगली आहेत, पण तुमच्या बजेटला ती ताण देतील आणि चोराला सहा गोळ्यांच्या दोन रिव्हॉल्व्हरमधला फरक कळत नाही.

जाता जाता, बंदूक आहे म्हणून रानडुक्कर किंवा बिबट्यावर झाडायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा लागतो, चोरीपेक्षा मोठी भानगड होईल.

प्रश्न: परिस्थिती साधी आहे, जमीन दोन एकर. ओळखीचे म्हणतात तुझ्यासारख्याला लायसन्स देणारच नाहीत, ते पैसेवाल्यांचं काम. खरं आहे का? (साक्री)

खोटं आहे. शस्त्र कायद्याच्याच कलम १४ मध्ये सरळ लिहिलंय की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. अर्ज करून वाट बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलिसांनी तीस दिवसात अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यावर साठ दिवसात निर्णय व्हायचा, प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे, म्हणून प्रत्येक पोच जपून ठेवा. नकार आला की तीस दिवसात नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील. आणि एजंटला एक रुपया देऊ नका, "साहेबांशी सेटिंग आहे" म्हणणारा माणूस तुमचा अर्ज पुढे ढकलत नाही, फक्त तुमचे पैसे खिशात ढकलतो.

वय एकवीस पूर्ण पाहिजे आणि हत्यार हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं, ते आधीच करून घ्या.

प्रश्न: भाऊ, लायसन्सचं जाऊ द्या. आमच्याकडे कट्टा, गावठी पिस्तूल हो, पंधरा-वीस हजारात मिळतो, अर्धा तालुका बाळगतो. घरातच ठेवायचाय, दाखवायचा नाही कोणाला. काय करानं ते सांगा. (चोपडा)

नाही करानं, एवढंच सांगतो. आता कारण ऐका.

तुमच्या तालुक्याला लागून पलीकडे मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, तिथून माल येतो हे चोपड्यातल्या शाळकरी पोराला पण माहीत आहे, पोलिसांना नसेल का? २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी पुण्याहून जाऊन तिथं छापा टाकला, भट्ट्या तोडल्या. असा विकणारा सापडला की त्याच्या मोबाईलमध्ये घेणाऱ्यांची यादी असते, आणि त्या यादीत तुम्ही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार नुसतं बाळगलं तरी कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. दाखवा, न दाखवा, गुन्हा बाळगण्याचाच आहे. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फॅक्टरीत बनलेल्या हत्याराची नळी जास्तीच्या दाबाची गोळी झाडून तपासतात, त्यावर शिक्का असतो. कट्ट्याची नळी म्हणजे मिळेल तो पाइप, ना पोलाद बरोबर ना नळीचं माप, कधी गोळी पुढे जाते कधी नळी मागे फुटते, आणि ती ज्या हातात फुटते तो तुमचा असतो. पिस्तूलसारखे दिसणारे, मॅगझीनवाले देशी नमुने पण तसेच, पॉलिश चांगली असते फक्त. आणि समजा त्याने तुम्ही खरंच चोराला मारलं, तर तुमचा बचाव कितीही खरा असला तरी अवैध शस्त्राची केस वेगळी उभी राहणारच.

प्रश्न: मिस्टर रेल्वेत आहेत, नाइट ड्यूटी असते, घरी मी आणि दोन मुलं. बायकांसाठी छोटं रिव्हॉल्व्हर येतं म्हणे, निर्भीक नावाचं, ते घ्यावं का? (भुसावळ)

ताई, निर्भीक २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी फॅक्टरीने काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, तेव्हाच किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. हलकं आहे म्हणून पर्समध्ये बसतं हे खरं, पण हलक्या रिव्हॉल्व्हरला धक्का जास्त बसतो, नवख्या हाताला ते जड रिव्हॉल्व्हरपेक्षा अवघड जातं. "बायकांसाठी" हे जाहिरातीत छान दिसतं. लायसन्सची प्रक्रिया बाईमाणसाला पण तीच, आणि परवाना मिस्टरांच्या नावावर असेल तर त्यांच्या ड्यूटीच्या वेळी तुम्ही ते हातात घेणं कायद्यात बसत नाही, हे नीट लक्षात घ्या. तुमच्या नावावर अर्ज करावा लागेल.

तुमच्या घरात लहान मुलं आहेत, तर माझं मत स्पष्ट आहे. रिव्हॉल्व्हर कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, असंच ठेवावं लागेल, सुरक्षित ठेवू असं अर्जासोबत लिहून पण द्यावं लागतं. मग रात्री दोनला कडी वाजली की दोन कुलपं उघडून गोळ्या भरेपर्यंत दार मोडलेलं असतं. उशीखाली भरलेलं ठेवलं तर चोराच्या आधी धाकट्याच्या हातात जातं. तुमच्या बजेटमध्ये मी आधी लोखंडी सेफ्टी डोअर, मागच्या दाराला आडवा अडसर, सेन्सरवाला लाइट, आतून कुलूप लागेल अशी एक खोली आणि मोबाईलमध्ये पोलीस मदतीचा ११२ हे बसवीन. मिरचीचा स्प्रे विनापरवाना चालतो. हे सगळं मिळून निर्भीकच्या निम्मे पैसे पण लागत नाहीत. शेजारच्यांशी ठरवून ठेवा, दार वाजलं की फोन कोणाला.

प्रश्न: सेकंडहँड लायसन्सवालं रिव्हॉल्व्हर मिळतंय, नव्यापेक्षा बरंच स्वस्त. बघताना काय बघू? आणि पिस्तूल चांगलं की रिव्हॉल्व्हर? (शहादा)

कमी बजेटवाल्यासाठी सेकंडहँड हाच खरा उपाय आहे, फक्त व्यवहार सरळ पाहिजे. तुमच्याकडे आधी परवाना, आणि विकणाऱ्याने जिल्हाधिकारी आणि पोलीस स्टेशनला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस उलटू द्यायचे. शक्यतो लायसन्सवाल्या डीलरकडे बसूनच करा. पहिलं काम, हत्यारावरचा नंबर आणि त्याच्या लायसन्सवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळवा, एक आकडा घासलेला दिसला तरी उठून या.

मग रिकामं आहे हे स्वतः तपासून (विकणाऱ्याच्या शब्दावर नाही) घोडा ओढून धरा आणि फिरतं चक्र बोटाने हलवून बघा. डगडग करत असेल तर चक्रातलं गोळीचं घर आणि नळी एका रेषेत येत नाही, गोळीचं शिसं बाजूला उडतं. सहाही घरांना हीच परीक्षा. नळीतून उजेडाकडे बघा, आत खड्डे आणि गंज असेल तर किंमत खाली आणा किंवा सोडून द्या. सेकंडहँड ट्रॅक्टरसारखंच आहे, रंगाकडे बघू नका. गनस्मिथला शे-पाचशे द्या पण दाखवून घ्या.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, तर माझं मत रिव्हॉल्व्हर. एखादी गोळी फुसकी निघाली तर चाप परत दाबला की पुढची समोर येते. पिस्तूल अडकलं तर ते मोकळं करायचा सराव हातात पाहिजे, आणि आपल्याकडे सराव करायला जागा कुठे आहे? अशनी पिस्तूल सरकारी फॅक्टरीचं आहे, वाईट नाही, पण वर्षभर ते कपाटात ठेवून देणाऱ्या माणसासाठी नाही. अजून एक घोळ होतो, दोन्हीला लोक .३२ च म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरची .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लांब आणि बुडाला कड असलेली, पिस्तूलची .३२ एसीपी आखूड, एकाची दुसऱ्यात चालत नाही. लायसन्सवर वर्षाला किती काडतुसं आणि एका वेळी किती ते लिहिलेलं असतं, तेवढीच मिळतात. आणि हो, वरणगावची फॅक्टरी जवळ आहे म्हणून तिथून स्वस्तात मिळतील असं एकाने विचारलंय, तर ती सैन्याच्या गोळ्या बनवते, गेटवर दुकान नाही. नऊ एमएम कोणी देत असेल तर हातच लावू नका, तो प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर ठेवता न येणारं माप.

प्रश्न: वडील ७३ वर्षांचे, त्यांच्या नावावर जुनी दुनळी आहे. माझ्या नावावर होईल का? (अमळनेर)

होईल, आणि नवीन घेण्यापेक्षा हेच करा. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो कायदेशीर वारसाचं नाव देऊ शकतो, २०१६ च्या नियमांत तशी तरतूद आहे. अर्ज, चौकशी, ट्रेनिंग सर्टिफिकेट तुमचं सगळं लागेलच. एकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती.

प्रश्न: चोर घरात शिरला तर गोळी झाडता येते का? (दोंडाईचा)

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम ३४ ते ४४ हे स्वसंरक्षणाचे. कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयात घर फोडणं, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरीतच जीव जाईल-गंभीर दुखापत होईल अशी खरी भीती, यात बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी हक्क शाबूत राहतो. पण कलम ३७ सोबत वाचायचं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही. म्हणजे भिंत उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्हीच आरोपी. कोर्टात हे मीटरने मोजत नाहीत, त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं ते बघतात, तरीही तपास, हत्यार जप्ती, वर्षानुवर्षं तारखा हे धरूनच चाला.

प्रश्न: एअर पिस्तूलने भागेल का? (एरंडोल)

नाही. .१७७ मापाची आणि वीस ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन विनापरवाना येते, पण ती नेमबाजीसाठी. चोर चिडेल फक्त.

प्रश्न: लायसन्स आहे, पुतण्याच्या लग्नात हवेत दोन बार काढायचा घरच्यांचा आग्रह आहे. आणि निवडणुकीत हत्यार जमा करायला बोलावतात, द्यायलाच पाहिजे का? (शिरपूर)

लग्नात नाही. २०१९ पासून आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स जाईल ते वेगळं. बँड लावा. निवडणुकीत जमा करायचा आदेश तुमच्या नावाने आला असेल तर मुदतीत नेऊन द्या, हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका, परत घेताना तीच दाखवायची आणि नंबर तिथेच जुळवून बघायचा.