‘अस्सल मराठी’ तुरुंग आणि त्याचं खोड

प्रश्न असा आला आहे: सुटून आलेला एक कैदी बोलताना ‘आज मुलाखत आली’, ‘बराकीत’, ‘अंडा सेल’ असं म्हणत होता. भेटीला मुलाखत म्हणणं चूक नाही का? आणि ही मंडळी ‘जेल’ सोडून ‘तुरुंग’ हा अस्सल मराठी शब्द का वापरत नाहीत?

मुलाखत बरोबर आहे. अरबी मुलाकात म्हणजे भेट. माईक लावून प्रश्न विचारायची मुलाखत बाहेरच्यांनी केली. आत, जाळीपलीकडे आई उभी असते, तेव्हा शब्द अजून जुन्याच अर्थाने जगतो. सरकारच्या ऑनलाइन भेटीचं नावही ‘ई-मुलाकात’च आहे. खडी फोडणे, सरकारी पाहुणचार वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो.

पण ‘अस्सल मराठी तुरुंग’ ऐकलं की माझं डोकं सणकतं. तुरुंग पोर्तुगीज आहे! मूळ शब्द ‘त्रोंको’, म्हणजे झाडाचं खोड. मग गुन्हेगाराचे पाय अडकवायचा भोकं पाडलेला ओंडका, आणि शेवटी त्याला डांबायची जागा. हाच शब्द मलायमध्ये ‘तेरुंकू’ झाला, आफ्रिकान्समध्ये ‘ट्रोंक’. अर्थ दोन्हीकडे कैदखाना.

आता गंमत बघा. आपल्याकडेही पाय अडकवायच्या त्याच ओंडक्याला काय म्हणायचे? खोडा! खोडावरून खोडा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता झाडाकडून शिक्षेकडे तीच वाट धरली. पोर्तुगीज पुढे इमारतीपर्यंत गेले, आपण ‘कामात खोडा घालणे’पाशी थांबलो. ठरत आलेल्या लग्नात खोडा घालणाऱ्या काकांना आपण जुन्या शिक्षेचं लाकूड वापरतोय याचा पत्ता नसतो.

काही पंडित तुरुंगाला संस्कृत ‘तुरंग’ला, म्हणजे घोड्याला बांधतात: घोडा, मग पागा, मग कैदखाना. एवढी उडी घोड्यालाही झेपायची नाही. शुद्धीच्या कैवाऱ्यांनी ‘तुरुंगाच्या कुलपाची चावी’ एवढंच तपासावं. तुरुंग पोर्तुगीज, कुलूप अरबी ‘कुफ्ल’ची अक्षरं उलटीपालटी होऊन आलेलं, चावी पुन्हा पोर्तुगीज. मराठीच्या वाट्याला ‘च्या’ आणि ‘ची’!

बराकीबद्दलही माझा एक संशय आहे. सगळे ती इंग्रजी बॅरकवरून आली असं धरून चालतात. पण बॅटची कुणी बट केली नाही, बँकेची बंक केली नाही. मग बॅरकचीच बराक कशी? पोर्तुगीजात ‘बार्राका’ आहे, झोपडी किंवा तंबू. पुरावा मागू नका, जमवतोय.

हां, अंडा सेल राहिलाच. त्या कोठड्यांची इमारत अंडाकृती असते, म्हणून अंडा. जेवणातल्या अंड्याशी संबंध नाही.