सांगलीत राहून जुनं रॉक, फोक आणि प्रोग्रेसिव्ह संगीत ऐकायला कुठून सुरुवात करू? इथं तर हे ऐकणारं कुणीच नाही.

तुम्ही लिहिलंय की वय वीस, राहायला सांगलीत, मोबाइलवर सहज पिंक फ्लॉइड या बँडचं एक गाणं लागलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पुढं काय ऐकायचं ते कळत नाही, आणि बोलायला इथं कुणी नाही. मी सांगलीचाच. तीस वर्षांहून जास्त काळ हेच ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. हे संगीत ऐकायला जो कान लागतो, तो आपल्या भागात घरोघरी आहे. मिरज तुमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर. तिथं दर्ग्याच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं आणि लोक रात्र-रात्र बसून ऐकतात. एक ख्याल तासभर चालला तरी कुणी घड्याळ बघत नाही. प्रोग्रेसिव्ह म्हणजे लांब-लांब रचनांचं रॉक, आणि त्यातलं वीस मिनिटांचं गाणं ऐकायला याहून वेगळी तयारी लागत नाही.

माझी सुरुवात १९९३ मध्ये झाली. मी अकरावीत होतो. दादरच्या मामेभावाकडं नवा सीडी प्लेअर आला होता आणि त्यानं पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून पाठवला. अल्बम जवळपास ४३ मिनिटांचा, आणि कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. सीडीला बाजू नसते, ती चालतच राहते. त्यामुळं 'अस अँड देम' हे गाणं चालू असताना, नेमकं मधेच, खट् करून कॅसेट थांबायची. उलटी करून लावली की दोन-चार सेकंद गळून गाणं पुढं सुरू. मला कित्येक वर्षं ते गाणं तसंच आहे असं वाटायचं. पुढं सीडीवर सलग ऐकलं तेव्हा त्या जागी श्वास अडकला, खट् काही आलं नाही.

तो अल्बम मला खऱ्या अर्थानं कळला तो मिरजेच्या एका मित्रामुळं. तो भजनाला तबला वाजवायचा. त्याला इंग्रजी शब्द कळत नव्हते आणि त्यानं ते विचारलेही नाहीत. 'मनी' लागलं, सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज झाला, बेस सुरू झाला, आणि हा मांडीवर बोटं आपटत म्हणाला, "अरे, रूपक आहे हा." ती ती ना, धी ना, धी ना. रूपक ताल, सात मात्रा. अगदी बरोबर बसत होतं. मग सॅक्सोफोन संपून गिटार आली आणि त्याची बोटं थांबली. "आता चारात गेले," म्हणाला. खरंच, गिटारच्या तुकड्याला ते सात सोडून चारात जातात आणि नंतर पुन्हा सातावर येतात. हे मी पुढं वाचलं. त्यानं ते पहिल्या ऐकण्यात मांडीवर मोजलं होतं.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला हाच: 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐका. शफल बंद ठेवा. मधे जाहिरात येत असेल तर कुणाकडून तरी जाहिरातीविना मिळवा, कारण एक गाणं दुसऱ्यात मिसळत जातं आणि ते जोड हाच त्या अल्बमचा प्राण आहे. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टोरी नावाची गायिका एकही शब्द न उच्चारता गाते. तिला स्टुडिओत बोलावून फक्त गा म्हणून सांगितलं होतं आणि त्या दिवसाचे तीस पौंड मिळाले होते. पुढं तिनं दावा लावला आणि २००५ मध्ये त्या रचनेच्या श्रेयात तिचं नाव आलं. आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला तिचं गाणं समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आईनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "कोण रडतंय इतकं सुरात?"

त्यानंतर 'विश यू वेअर हिअर' (१९७५). पहिल्या गाण्यात शब्द यायला साडेआठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. खाली एक लांब, स्थिर सूर धरलेला असतो आणि त्यावर गिटार चार स्वर टाकून थांबते. पुन्हा तेच चार स्वर. मला तिथं कायम तानपुरा आठवतो. ज्याच्यासाठी ते गाणं आहे तो सिड बॅरेट, या बँडचा पहिला गायक, मन बिघडल्यामुळं १९६८ मध्ये बाहेर पडलेला. या अल्बमचं काम चालू असताना तो एक दिवस स्टुडिओत आला, डोकं-भुवया भादरलेला, अंगानं सुटलेला, आणि जुन्या सोबत्यांना तो बराच वेळ ओळखूच आला नाही. हे माहीत असून ऐकलं की ते चार स्वर वेगळेच लागतात.

तानपुऱ्याचं निघालंच आहे तर एक सांगतो. कॉलेजात असताना मी वॉकमन घेऊन सायकलनं मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत गेलो होतो. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते काम तिथं दीडशेहून जास्त वर्षं चालत आलंय.) एक वयस्कर कारागीर जवारी काढत, म्हणजे तारेला झंकार आणत बसले होते. तार घोडीवर ज्या ठिकाणी टेकते तो भाग कानशीनं इतका हळू घासायचा की एखादा हात जास्त पडला तर आवाज मरतो. घासायचे, तार छेडायचे, कान लावायचे, पुन्हा घासायचे. मी त्यांना बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' ऐकवलं, १९६५ चं, ज्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली आहे. त्यांनी हेडफोनची एकच बाजू कानाला लावली, दुसऱ्या हातात कानस तशीच. पूर्ण ऐकलं. म्हणाले, "हात गिटारचा आहे. पण उगाच काही करत नाही पोरगं, जेवढं येतंय तेवढंच वाजवतंय. शिकेल." मी म्हटलं, शिकला, पुढच्याच वर्षी रविशंकरांकडं गेला. ते हसले आणि पुन्हा लावायला सांगितलं.

फोककडं, म्हणजे लोकसंगीताकडं, मी उशिरा वळलो, आणि आज सगळ्यात जास्त तेच ऐकतो. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा 'लीज अँड लीफ' (१९६९) मिळवा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या गाडीला रात्री अपघात झाला होता आणि त्यात त्यांचा एकोणीस वर्षांचा ड्रमर गेला. त्यातून उठून त्यांनी इंग्लंडची शेकडो वर्षांची लोकगीतं विजेच्या गिटारवर मांडली. 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐकाल तर आपला पोवाडा ऐकल्यासारखं वाटेल: सरदाराची बायको, तिचा प्रियकर, चुगली करणारा नोकर, तलवारी, दोन मुडदे. कडव्यामागून कडवं, चाल तीच, आणि गोष्ट पुढं सरकत राहते. गाणारी सँडी डेनी. लेड झेपलिन या बँडच्या चौथ्या अल्बममध्ये (१९७१) 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' गाण्यात दुसरा आवाज आहे तोही तिचाच. असा एकेक माणूस धरून पुढं जा. यादीपेक्षा माणसाचा माग काढणं मला नेहमी जास्त उपयोगी पडलंय.

निक ड्रेक या गायकाबद्दल मी मोजकंच लिहितो. तीन अल्बम, १९७४ मध्ये सव्वीसाव्या वर्षी मृत्यू, आणि जिवंतपणी जवळपास कुणी विकत घेतलं नाही. शेवटचा 'पिंक मून' (१९७२) फक्त अठ्ठावीस मिनिटांचा, आवाज आणि गिटार, एका गाण्यात थोडा पियानो. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये खिडकीशी बसून ऐका. सांगली स्टेशन सुटलं की लावा, किर्लोस्करवाडीच्या आसपास संपतो. त्यानंतर मी बराच वेळ दुसरं काही लावत नाही.

बाकीचे बँड भराभर सांगतो. बासरी आवडत असेल तर जेथ्रो टल: आधी 'अ‍ॅक्वालंग' (१९७१), मग 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२), ज्यात पूर्ण अल्बम म्हणजे एकच गाणं आहे. किंग क्रिमसनचा १९६९ चा पहिला अल्बम आणि येसचा 'क्लोज टू द एज' (१९७२) दोन-तीन महिन्यांनी, घाई नको. एमर्सन, लेक अँड पामर मला आजही कसरतीसारखे वाटतात, तुमचं मत वेगळं होऊ शकेल. आणि 'शक्ती' या बँडला विसरू नका. जॉन मॅकलॉफलिनची गिटार, झाकीर हुसेनचा तबला, एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकरामांचा घटम्. त्यांचा अल्बम घरच्यांसमोर मोठ्यानं लावता येतो.

आता माणसांचं. इथं ऐकणारं कुणी भेटत नाही, ते तयार करावं लागतं. मी एक पद्धत ठेवलीय: एका माणसाला एका वेळी एकच अल्बम द्यायचा, आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी. कुठल्या मिनिटाला कान द्यायचा एवढंच लिहायचं, बाकी कौतुक नाही. वीस लिंका पाठवल्या तर कुणी एकही उघडत नाही. गाणं शिकणारी, तबला-पेटी वाजवणारी मुलं-मुली शोधा. गाणारीला क्लेअर टोरी द्या, तबला वाजवणाऱ्याला 'मनी' द्या. एक व्हाश्टी बन्यन नावाची गायिका आहे. तिचा १९७० चा अल्बम इतका पडला की तिनं गाणंच सोडून दिलं. पण ज्या थोड्या लोकांकडं तो होता त्यांनी तो जपला, एकमेकांना ऐकवला. २००० मध्ये तो पुन्हा निघाला आणि २००५ मध्ये तिनं दुसरा अल्बम केला. पस्तीस वर्षांनी.

हे मी इतक्या कळकळीनं का सांगतोय तेही लिहितो. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा कपाटाचे खालचे तीन खण पाण्याखाली होते. आठवड्यानं आत गेलो तर कॅसेटच्या डब्यांत गाळ भरला होता. मी एक-एक उघडून धुवायला बसलो. टेप बोटांना चिकटून यायची आणि तुटायची. दोनशेच्या वर होत्या. एकही वाचली नाही. मामेभावाचं अक्षर असलेली तीही गेली.

दिवाळीच्या आधी मिरजेचा तो तबलेवाला मित्र आला. आता तो पेन्शनीला आलाय, हात दुखतो म्हणून वाजवणं कमी केलंय. पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. १९९४ मध्ये माझ्याकडून नेऊन त्यानं डबल डेकवर उतरवून घेतली होती, वर पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं: 'रूपकवाली'. शेजाऱ्यांकडून जुना टेप मागून आणला, चालतोय की नाही बघितलं, आणि दोघं बसलो. 'मनी'ला त्याची बोटं मांडीवर गेली. मग 'अस अँड देम' सुरू झालं, आणि चार-पाच मिनिटांनी, बरोबर त्याच ठिकाणी, खट् करून बाजू संपली.