मराठी माध्यमातून शिकलेल्या सीमाभागातल्या मुलाला सरकारी वकील म्हणून वरपर्यंत जाता येतं का?

तुम्ही लिहिलंय की घर खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात एलएल.बी.चं शेवटचं वर्ष. सरकारी वकील होऊन मोठ्या पदावर जायचंय, पण मराठी असणं आडवं येईल का, ही धास्ती आहे. मी याच जिल्ह्यात सहायक सरकारी वकील म्हणून लागलो आणि सत्र न्यायालयात सरकारी वकील असताना निवृत्त झालो. शाळा माझीही मराठीच. वर जाता येतं. फक्त बाजारात चालेल एवढ्या कन्नडवर भागत नाही. का, ते एका खटल्यावरून सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बांधावरून भांडण, तीन आरोपी, एक मयत. मुख्य साक्षीदार मयताची चुलती, मराठीशिवाय दुसरी भाषा न येणारी. तिसऱ्या आरोपीनं काय केलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यानं बी काठीनं मारलं की." आपल्याकडे 'मारलं' म्हणजे बडवलंही आणि जीव घेतलाही. कन्नडमध्ये दोन्हींना एकच शब्द चालत नाही. 'होडेद' म्हणजे बडवलं, 'कोंद' म्हणजे ठार केलं. ठाण्यात हवालदारानं तिचा जबाब कन्नडमध्ये लिहिताना 'कोंद' लिहिलं होतं. कोर्टातही भाषांतर तसंच झालं आणि टाइप व्हायला लागलं.

तो शब्द राहिला असता तर माझी केस मजबूत होत होती. पण बाई सांगत होती की डोक्यातला घाव पहिल्यानं घातला आणि तिसऱ्यानं पायावर काठी हाणली. मी उठून न्यायाधीशांना सांगितलं की साक्षीदार ठार केलं म्हणत नाही, मारहाण केली म्हणतेय. त्यांनी तिला पुन्हा विचारलं आणि नोंद दुरुस्त केली. बचावाच्या वकिलांनी उलटतपासणीत पोलीस जबाबातली तफावत धरली आणि बाईला घामाघूम केलं. शेवटी पहिल्याला जन्मठेप झाली. तिसरा खुनातून सुटला, त्याला फक्त दुखापतीच्या कलमाखाली शिक्षा लागली. तपास अधिकारी कित्येक महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मला त्या दिवसाचा आजही अभिमान वाटतो. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, तो कोर्टाचा अधिकारी असतो. आरोपीच्या बाजूचं सत्य समोर आलं तर तेही त्यानंच मांडायचं असतं.

साक्षीदार कोर्टाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला, तर शक्य असेल तिथं त्याच भाषेत नोंद घ्यावी, नाहीतर खरं भाषांतर करावं, असं कायदाच सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 277 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 312 आहे. आपल्या भागात हे कलम रोज लागू पडतं, तरी त्यावर उठून बोलणारे वकील थोडे. मराठी आणि कन्नड दोन्ही पक्कं येणारा माणूस इथं बेंगळुरूहून आलेल्या हुशार वकिलापेक्षा जास्त कामाचा ठरतो. तुमचं मराठीपण आडवं येत नाही, ते असं उपयोगी पडतं. माझे सीनियर कन्नड भाषिक होते. रोज संध्याकाळी एक चार्जशीट मोठ्यानं वाचायला लावायचे. दीड वर्षात हवालदारांची अक्षरं लागायला लागली.

आता वाटा. एक, परीक्षा देऊन सहायक सरकारी वकील व्हायचं. ही पगारी नोकरी, खासगी प्रॅक्टिस बंद, बदल्या होतात, बढती टप्प्याटप्प्यानं. दुसरी, बारमध्ये, म्हणजे खासगी वकिलीत, नाव कमवायचं आणि सरकारकडून ठरावीक मुदतीची नेमणूक मिळवायची. जिल्ह्याच्या सरकारी वकिलासाठी किमान सात वर्षं वकिली लागते, विशेष सरकारी वकिलासाठी दहा. दुसऱ्या वाटेवर सरकार बदललं की खुर्ची हलते. पण मनमानी चालत नाही. उत्तर प्रदेशनं जिल्ह्याजिल्ह्यांतले सरकारी वकील एका फटक्यात काढले होते, तो आदेश सुप्रीम कोर्टानं श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात रद्द केला. पगारी सरकारी वकील वकीलच राहतो, त्यामुळे तो जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला पात्र आहे, हेही सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये दीपक अगरवाल खटल्यात स्पष्ट केलं. ही गोष्ट आपल्याकडच्या पोरांना कुणी सांगत नाही.

त्यावर हायकोर्ट. पूर्वी त्यासाठी बेंगळुरू गाठावं लागायचं, पाचशे किलोमीटर. 2008 पासून धारवाडला खंडपीठ आहे, म्हणजे सकाळच्या बसनं जाऊन रात्री घरी. राज्याच्या बाजूनं तिथं उभं राहिलात की तुमचं काम महाधिवक्त्यांच्या, म्हणजे राज्य सरकारच्या सगळ्यात वरच्या वकिलांच्या, कार्यालयाच्या नजरेत येतं. महाधिवक्ता हे घटनेच्या कलम 165 खालचं पद, नेमणूक राज्यपालांची, आणि पात्रता हायकोर्टाच्या न्यायाधीशाची. केंद्रात तसंच पद कलम 76 खाली महान्यायवादीचं. पहिले मोतीलाल सेटलवाड, 1950 ते 1963, तेरा वर्षं. ही पदं अर्ज करून मिळत नाहीत. तीस वर्षांत तुम्ही कशा फायली वाचल्या आणि कोणते सल्ले दिले, यावर ती मिळतात. 'हे अपील करू नका, टिकणार नाही,' असं खात्याला लेखी कळवायला जो कचरत नाही, त्याच्या शब्दाला पुढं कोर्टात वजन येतं.

सीमाप्रश्नाचं टाळत नाही. महाराष्ट्राचा 2004 चा दावा सुप्रीम कोर्टात आहे आणि तिथं दोन्ही राज्यांचे वकील आपापल्या राज्याची बाजू मांडतात. आपल्या पातळीवर येतात ते आंदोलनांचे खटले. माझ्या टेबलावर अशा फायली आल्या, आरोपींच्या यादीत गावातली नावं होती. नात्यातला माणूस निघाला तेव्हा मी लेखी देऊन ती केस दुसऱ्याकडे वळवली. बाकीच्या चालवल्या, जशा इतर चालवत होतो तशाच. खटला मागे घेण्याचं सरकारचं पत्र आलं तरी आधी कागद वाचले. तो निर्णय सरकारी वकिलानं स्वतः विचार करून घ्यायचा असतो आणि त्याला कोर्टाची परवानगी लागते. यावरून दोन्हीकडच्यांची बोलणी खाल्ली. तुम्हालाही खावी लागतील.

वकिलीची सनद मिळेपर्यंत एक करा. खानापूरच्या कोर्टात साक्षीपुरावा चालू असेल तेव्हा मागच्या बाकावर बसा. वहीच्या पानावर मधे रेघ ओढा. डावीकडे साक्षीदार मराठीत काय म्हणाला ते लिहा, उजवीकडे कन्नडमध्ये काय नोंदलं गेलं ते.